ऋतुमानाप्रमाणे गृहशोभा



वसंतऋतू आणि व्याख्याने यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ती घालून दिली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. अशा व्यासपीठावरून राज्यकारण, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. आम्ही घेतलेला विषय त्या मानाने अगदी घरगुती. दारावरचे तोरण, उंबऱ्यापुढची रांगोळी, दिवाळीचा आकाशकंदील, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, मुलांचा मातीचा किल्ला. यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिक आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या लहानसहान वस्तूंच्या मागे एक विद्या उभी आहे. ती ग्रंथात पुरी सापडत नाही आणि संग्रहालयात ठेवता येत नाही. ती फक्त हातांत असते, आणि हातांतून हातांतच जाते. एका पिढीने हात आखडता घेतला की ती बोभाटा न होता नाहीशी होते. आज आपण त्या वळणावर आहोत, म्हणून हा विषय.

प्रथम वर्षाची एक फेरी मारून येऊ. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासूनच निघावे हे बरे. गुढीला काय लागते? वेळूची काठी, पेटीतले एखादे रेशमी वस्त्र, पालथा घालायला तांब्या, फुलांचा हार, साखरेच्या गाठी आणि कडुनिंबाचा डहाळा. काठी, वस्त्र आणि तांब्या घरातले. डहाळा मात्र त्या दिवसाचा. चैत्रात कडुनिंबाला कोवळी पालवी आणि मोहोर असतो, आणि तोच त्या दिवशी दारात येतो. पुढे दोन दिवसांनी, शुद्ध तृतीयेला चैत्रागौर पाळण्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरची पाहुणी असते. तिच्यापुढची आरास म्हणजे उन्हाळ्याच्या बाजाराचे प्रदर्शनच. कलिंगडाचे कापलेले कमळ, कैऱ्यांचे घोस, भिजवलेले हरभरे, आंबेडाळ आणि पन्हे. बाहेर सडासंमार्जन केलेल्या अंगणात चैत्रांगण रेखतात. मधे पाळण्यातली गौर, आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, गोपद्म, फणी, करंडा, आरसा. विश्व आणि संसार दोन्ही एका अंगणात मांडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी केरसुणी फिरली की सारे पुसले जाते, आणि पुन्हा नवे काढायला जागा होते.

पावसाळा लागला की हाताला माती लागते. दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर येतो, विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा येतो. घरोघर मातीचे बैल होतात. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. भाद्रपदात गणपती येतो तो मातीचाच, म्हणूनच त्याला पार्थिव म्हणावयाचे. त्याच्या पूजेला एकवीस प्रकारची पत्री लागते. आघाडा, माका, धोत्रा, डोरली, रुई ही नावे पाहा. एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, अशी ही बांधावरची आणि वाटेकडेची झाडे. पत्री गोळा करायला निघालेले मूल वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा पायांनी चालून शिकत असे. पुष्कळ घरांत गौरसुद्धा त्या दिवसांत फुललेल्या तेरड्याची असते, काही घरांत ती नदीवरून आणलेल्या खड्यांची असते.

गोमंतकात आणि दक्षिण कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात, सिंधुदुर्गात माटवी. तिला नारळाची आणि सुपारीची शिपटी, तवशी, कवंडळे आणि रानातली कितीतरी फळे-फुले बांधतात. बांधायला सुतळी घेत नाहीत, केवणीच्या सालीचा दोर घेतात. माटोळी बांधणाऱ्याला रानात कोणते झाड कोठे आहे, कोणते फळ केव्हा रंगावर येते, कोणती साल ओली असताना सोलावी, हे सर्व ठाऊक असावे लागते. गोव्याचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा भरविते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र स्पर्धेच्या भरात रान ओरबाडले जाऊ नये, इतके भान मात्र हवे. जुन्या माणसांचा हात एका घरापुरताच चाले.

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की देशावर हादगा किंवा भोंडला सुरू होतो. पाटावर किंवा भिंतीवर हत्ती येतो. हस्त आणि हत्ती यांचे नाते जुळवणारी ती मौज आहे, पण हत्ती हे पावसाचेही चिन्ह आहे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य रुजते आणि वर कडाकण्यांचा फुलोरा टांगतात. दसऱ्याला झेंडू आणि आंब्याची पाने. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. दिवाळीला आकाशकंदील, पणत्या, किल्ला, आणि खेड्यापाड्यांत पाडव्याच्या सुमारास शेणाच्या गवळणी आणि पांडव. पौषात संक्रांतीचा हलवा. फाल्गुनात होळीसाठी लहान गोवऱ्यांना भोके पाडून ओवलेल्या माळा. असे वर्ष पुरे होते आणि पुन्हा चैत्राची पालवी फुटते.

या फेरीत दोन गोष्टी आपल्या ध्यानात आल्या असतील. पहिली अशी की प्रत्येक वस्तू त्या त्या ऋतूतच होऊ शकते. हलव्याचेच उदाहरण घ्या. तीळ किंवा खसखस परातीत घेऊन मंद शेगडीवर ठेवतात. वरून साखरेचा पाक चमचा-चमचा सोडीत बोटांच्या टोकांनी हलवीत राहतात. तासन् तास, कधी दिवसच्या दिवस हे चालते, तेव्हा दाण्यावर काटा उभा राहतो. हे काम थंड आणि कोरड्या हवेचे. श्रावणात हाच उद्योग मांडला तर पाक ओल धरील, दाणे एकमेकांना चिकटतील, काटा उमटणार नाही. म्हणजे नव्या सुनेच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावरचे हलव्याचे दागिने हे पौषातल्या हवेनेच घडवलेले असतात. मातीचा बैल पावसाळ्यात होतो, कारण तेव्हा माती मऊ असते. झेंडूचे तोरण दसऱ्याला होते, कारण तेव्हा झेंडू फुललेला असतो. भिंतीवरची दिनदर्शिका नसतानाही घराला महिना कळत होता, तो अशा वस्तूंवरून.

दुसरी गोष्ट अशी की यांतली एकही वस्तू टिकण्यासाठी केलेली नाही. रांगोळी पुसायची, गणपती बुडवायचा, तोरण सुकायचे, हलवा खायचा, किल्ला पाडायचा, गोवऱ्या जाळायच्या. आजच्या हिशेबी मनाला हे नुकसान वाटते. इतके कष्ट घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात किंवा मातीत घालायचे, त्यापेक्षा एकदाच टिकाऊ वस्तू आणून दरवर्षी माळ्यावरून काढली तर काय बिघडले?

बिघडते ते येथेच. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. एका माणसाने हौसेने जमविलेला आणि १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केलेला तो संसारोपयोगी वस्तूंचा अपूर्व संग्रह आहे. दिवे आहेत, अडकित्ते आहेत, फण्या आहेत. पितळेचा आणि लाकडाचा संसार तेथे सुखरूप आहे. पण कालच्या चैत्रातले चैत्रांगण तेथे कसे ठेवणार? गेल्या पौषातली हलव्याची नथ कोठे ठेवणार? ठेवली तरी मुंग्या तिला ठेवू देणार नाहीत. अडकित्ता करणारा कारागीर गेला तरी अडकित्ता उरतो आणि त्यावरून दुसरा कारागीर तो घडवू शकतो. हलवा करणारे हात गेले की मागे काहीच उरत नाही.

मग ही विद्या शतकानुशतके टिकली कशी? वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुले यांच्या आकृती मांडणे आणि माळा गुंफणे या कलांची गणना आहे. तेव्हाची एकही आकृती आज उरलेली नाही, पण ती कला आज सकाळी आपल्या गल्लीतल्या कोणत्यातरी दारापुढे उमटली असेल. ती टिकली, कारण आकृती दररोज पुसली गेली. पुसली गेली म्हणून पुन्हा काढावी लागली, आणि पुन्हा काढताना शेजारी बसलेल्या मुलीने ती पाहिली. वस्तू नासत होती म्हणून विद्या टिकत होती. आता वस्तू टिकू लागली आहे आणि विद्या नासू लागली आहे. आमच्या सगळ्या व्याख्यानाचे सार इतकेच आहे.

हा पालट कसा झाला, तेही पाहू. कारखान्यातला माल स्वस्त आणि चकचकीत झाला. थर्माकोलची मखरे आली, प्लास्टिकची आंब्याची पाने आली, चिकटवायच्या रांगोळ्या आल्या, भोकांची चाळणी दाबून उठवायच्या रांगोळ्या आल्या. दिवाळीत मुलांसाठी तयार किल्ला विकत मिळू लागला. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. सजावटीचे थर्माकोल तिच्यात आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०२० साली मूर्तींच्या बाबतीत प्लास्टर ऑफ पॅरिसविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या. नदी-नाल्यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु कायदा एवढेच सांगू शकतो की अमुक वापरू नका. मखर कशाचे आणि कसे करावे, हे कायदा शिकवीत नाही. बंदी आल्यावर पुष्कळ घरांत पंचाईत झाली ती याचमुळे. थर्माकोल नको तर दुसरे काय, हे सांगणारे हात घरात उरले नव्हते.

येथे एक गैरसमज होऊ नये. विकत घेणे हेच पाप, असे आम्ही म्हणत नाही. मातीचा बैल पुष्कळांनी कुंभाराकडूनच घेतला, कंदिलाच्या कामट्या बुरुडाकडून आल्या, झेंडू माळ्याकडून आला. त्या विकत घेण्यात गावातल्या दहा हातांना काम होते आणि घरातल्या हातांनाही काहीतरी शिल्लक राहत होते. कुंभाराचा बैल आणला तरी त्याला रंगवायचे आणि झूल घालायची ती मुलांनी. आमचा आक्षेप ज्या वस्तूत घरच्या हाताला काहीच करायचे उरत नाही, त्या वस्तूला आहे.

आता समोरच्या बाजूचे जे म्हणणे आहे, तेही ऐकून घेतले पाहिजे. पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप भगिनींचा आहे. ही सारी हौस कोणाच्या जिवावर चालत होती? पहाटे उठून सडा कोणी घालायचा, शेगडीपुढे बसून बोटे कोणी भाजून घ्यायची? याचे उत्तर सरळ आहे आणि ते टाळण्यात अर्थ नाही. हे कष्ट बहुतांशी बायकांनी केले. ते त्यांचे कर्तव्य मानले गेले, त्यांची कला म्हणून कोणी गौरविले नाही. त्यातही हळदीकुंकवाच्या समारंभांतून विधवांना वगळले गेले. ज्या बाईचा हात चैत्रांगणात सर्वांत सुरेख चालत होता, तिलाच एका दुर्दैवाने अंगणाबाहेर बसवण्यात आले, अशी उदाहरणे घराघरांत झाली. हा अन्याय होता, आणि जुन्याचा गोडवा गाताना तो झाकून ठेवणे शोभणार नाही. आज नोकरी करून दमून आलेल्या गृहिणीला आम्ही वर आणखी हलवा करायला सांगणार असू, तर तिने आम्हाला या व्यासपीठावरून उतरवावे.

पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? कला टाकून द्यावी हा, की तिचा भार सर्वांनी उचलावा हा? किल्ला बांधण्यात मुलगे होते, कंदील करण्यात बापलेक होते, माटोळी बांधायला घरातले पुरुषच चढतात. म्हणजे पुरुषांचा हात या कामाला अजिबात वर्ज्य होता, असे नाही. रांगोळी आणि हलवा यांनाही तो वर्ज्य असण्याचे कारण नाही. आणि ज्या हातांना पूर्वी वगळले, त्यांना आधी बोलवावे. घरात सासू असो, आत्या असो, मावशी असो, जिच्या बोटांत अजून ती विद्या आहे, तिच्या शेजारी नातवाने बसावे. शिकवणारी पिढी आज आहे. आणखी वीस वर्षांनी ती असेलच असे नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. अंगण गेले, फ्लॅट आले, आता चैत्रांगण कोठे काढावे? गेरू दिलेल्या पाटावर काढावे. उंबऱ्यापुढे हातभर जागा असते, तेथे सात ठिपके सात ओळींची रांगोळी सुखाने बसते. एका कागदाला उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडावी, वरून शिरगोळ्याची पूड हलकेच फिरवावी, की ठिपके खाली उमटतात. पुढे ते जोडणे हे डोक्याचे काम. पाचाचे सात केले तर आकृती कशी वाढते, मधली ओळ कोठे येते, उजवीकडे केले ते डावीकडे कसे उतरावे, हे मूल खेळता खेळता शिकते. शाळेत यालाच भूमिती म्हणतात आणि तेथे ती रुक्ष वाटते.

तिसरा आक्षेप असा की आम्हाला येत नाही. याला उत्तर भाषणाने देता येत नाही, कृतीने द्यावे लागते. म्हणून एक वस्तू आम्ही येथेच सांगून टाकतो. दिवाळीला अजून अवकाश आहे, तोवर टिपून ठेवावी. पारंपरिक आकाशकंदिलाचा सांगाडा दिसायला अवघड, पण करायला सोपा असतो.

बांबूच्या बारीक कामट्या घ्याव्या. वीतभर, म्हणजे नऊ इंच लांबीच्या चोवीस आणि पावणेतेरा इंच लांबीच्या सहा. चार-चार वीतभर कामट्यांचा एक असे सहा चौकोन दोऱ्याने बांधावे आणि प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब कामटी बांधावी. ही तिरपी कामटी विसरू नये. ती नसली तर चौकोन लुळा पडतो आणि सारा कंदील कलतो. आता चार चौकोन टोकावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा लावून गोलाकार बांधावे. त्यांची चार टोके वर येतील, चार खाली. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन बसतो, खालच्या टोकांवर सहावा. मापे नीट असली तर ते आपोआप बसतात, आणि चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण न बांधताच तयार झालेले दिसतात. चौकोनांना एका रंगाचा पतंगी कागद आणि त्रिकोणांना दुसऱ्या रंगाचा, गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवावा. वरचा चौकोन उघडा ठेवावा, म्हणजे ऊब बाहेर पडते आणि दिवा सोडता येतो. खालच्या चौकोनाला झिरमिळ्या लावाव्या. पूर्वी आत पणती ठेवीत. आता विजेचा लहान दिवा सोडावा, तो कागदाला न टेकेल असा. खर्च कागदाचा आणि दोऱ्याचा. वेळ दोन संध्याकाळी. दिवाळी संपली की कागद फाडावा, कामट्या पुढच्या वर्षी ठेवाव्या किंवा बंबात घालाव्या.

पहिला कंदील वाकडा होईल. तो वाकडाच लावावा. बाजारातल्या कंदिलाशी त्याची तुलना करू नये, कारण ते दोन वेगळ्या कामांसाठी केलेले आहेत. बाजारातला कंदील प्रकाश देण्यासाठी असतो, घरचा कंदील शिकवण्यासाठी असतो. दुसऱ्या वर्षी तो थोडा सरळ होतो, आणि तिसऱ्या वर्षी मूल शेजारच्या मुलाला सांगू लागते की तिरपी कामटी विसरू नकोस. त्या दिवशी ती विद्या एका घरातून दुसऱ्या घरात गेली असे समजावे.

किल्ल्याचेही तसेच आहे. तयार किल्ला आणला की दहा मिनिटांत मांडून होतो आणि मुले पुन्हा घरात जातात. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि चिखल घेऊन बांधलेला किल्ला चार दिवस मुलांना बाहेर ठेवतो. पाणी ओतले की ते कोणत्या उतारावरून जाते, दरवाजा कोठे केला तर शत्रूला दिसणार नाही, माची किती रुंद असावी, यावर भांडणे होतात. आठवडाभर आधी पेरलेले हळीव आणि मोहरी बरोबर दिवाळीला हिरवीगार उगवते. पेरायला उशीर झाला तर डोंगर बोडका राहतो, आणि पुढच्या वर्षी मूल स्वतःच तारीख मोजते. इतका कडक आणि इतका प्रेमळ गुरू दुसरा मिळणे कठीण.

आमची मागणी फार मोठी नाही. सर्व सण, सर्व वस्तू, जुन्या काळच्या थाटाने करा, असे आम्ही म्हणणार नाही. तसे होणारही नाही. प्रत्येक घराने एका वर्षात चारच वस्तू हाताने कराव्या. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात एक, दिवाळीत एक आणि थंडीत एक. ती घरातल्या सर्वांनी मिळून करावी, निदान एका लहान मुलाने आणि एका वडीलधाऱ्या माणसाने एकत्र बसून करावी. आणि ती त्या ऋतूतल्या, आसपास मिळणाऱ्या, मातीत परत जाणाऱ्या साहित्याची असावी. या तीन अटी पाळल्या तर वस्तू कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. धर्मकृत्य म्हणून करा, हौस म्हणून करा, मुलांचा वेळ जावा म्हणून करा. हात चालला की पुरे.

चैत्रागौरीचे दिवस अजून संपलेले नाहीत. घरी परत गेल्यावर एका पाटाला गेरू द्यावा आणि उद्या सकाळी घरातल्या ज्येष्ठ बाईला विचारावे की चैत्रांगणात कासव कोठे काढायचे आणि तुळशीवृंदावन कोठे. तिला आठवत असेल. हात थरथरत असेल तर रांगोळी तुम्ही धरा आणि जागा तिने दाखवावी.